रस्ता महापालिकेचा, केबल कंपनीची: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रस्ते खोदून टाकलेल्या केबली, खांबाखांबांवर लोंबणाऱ्या तारा, फुटपाथवरच्या लोखंडी पेट्या आणि टॉवर यांबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रे या अंकात घेतली आहेत. बऱ्याच पत्रांत एक समजूत दिसते, की दूरसंचार केंद्राच्या अखत्यारीत आहे, म्हणजे नगरपालिकेच्या हातात काहीच नाही. केबल यावी की नाही हे नगरपालिका ठरवत नाही, हे बरोबर. पण ती कुठून जाईल, किती खोल जाईल, कोणत्या महिन्यात खोदायचे आणि रस्ता पुन्हा कसा करून द्यायचा, यावर नगरपालिकेचा अधिकार आहे आणि तो तिने वापरलाच पाहिजे. दुसरी गोष्ट तारखेची. दूरसंचार मार्गाधिकार नियम, २०२४ (मार्गाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याचा, खांब-टॉवर उभारण्याचा हक्क) हे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आणि २०१६ चे नियम मागे पडले. कोणी परिपत्रक दाखवले तर आधी त्यावरची तारीख बघा.

प्रश्न: आमच्या कॉलनीतला रस्ता नुकताच डांबरी झाला होता. एका रात्रीत कंपनीच्या माणसांनी कडेने चर मारला. विचारल्यावर मुकादम म्हणाला, ‘आमच्याकडे दिल्लीची परवानगी आहे, महापालिकेचा संबंध नाही.’ हे खरे आहे का? काम अडवता येते का? (एक वाचक, नाशिक)

खरे नाही. कंपनीला दिल्लीहून मिळतो तो सेवा देण्याचा परवाना. रस्ता खोदायला तो रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम ११ याच गोष्टीसाठी आहे. कंपनीने अर्ज करायचा, सार्वजनिक संस्थेने लवकर निर्णय द्यायचा आणि नकार द्यायचा असेल तर सबळ कारण लिहून द्यायचे. कॉलनीतला रस्ता महापालिकेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. एकाच केबलच्या वाटेत दोघांचे रस्ते आले तर परवानग्याही दोन.

काम चालू असताना मुकादमाकडे परवानगीच्या आदेशाची प्रत आणि तिला जोडलेला नकाशा मागा. नुसते ‘परवानगी आहे का’ विचारून उपयोग नाही, कारण परवानगी बहुधा असते. ती वेगळ्याच कामाची असते. आदेशात काम कुठपासून कुठपर्यंत आहे आणि लांबी किती मीटर, हे बघा. चराची रुंदी आणि खोली बघा. पद्धत कोणती लिहिली आहे तेही बघा, उघडा चर की आडवे ड्रिलिंग, ज्याला ठेकेदार एचडीडी म्हणतात. कामाची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणावर आहे, तेही त्यातच असते. प्रत्यक्षात गडबड होते ती अशी: परवानगी ४०० मीटरची, खोदाई त्याहून लांब, परवानगी ड्रिलिंगची, पण यंत्र महाग पडते म्हणून जेसीबीने सरळ चर. टेप घ्या, मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा.

ठेकेदाराकडे आदेशच नसेल तर तो ‘मानीव परवानगी’चे नाव घेईल. नव्या नियमांत ही तरतूद आहे. महापालिकेने ६७ दिवसांत होकारही दिला नाही आणि कारणासह नकारही दिला नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. पण त्यासाठी अर्ज झालेला असावा लागतो. अर्जाचा क्रमांक, तारीख आणि अर्जासोबतचा नकाशा मागा. मानीव परवानगीने मिळते ती अर्जात दाखवलेल्या मार्गापुरतीच, आणि रस्ता दुरुस्त करून देण्याची जबाबदारी तिने माफ होत नाही.

तुमच्या रस्त्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, आणि तोच सर्वात महत्त्वाचा. नव्या रस्त्याला दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर मूळ ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचा. मध्येच दुसऱ्याने चर मारला की मूळ ठेकेदार हात वर करतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. म्हणून विभागीय कार्यालयातल्या बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला लेखी विचारा: या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो, आणि चर मारलेल्या पट्ट्याची जबाबदारी आता कोणावर टाकली आहे? उत्तर लेखी मिळाले की पुढचे भांडण निम्मे संपते. रात्री काम करणे हा गुन्हा नाही, वाहतूक पोलीस बऱ्याचदा रात्रीचीच वेळ देतात. कामावरच्या मजुरांशी हुज्जत घालू नका, आणि टाकलेली केबल कापण्याचा विचारही करू नका. दूरसंचार जाळ्याचे नुकसान केल्यास कारवाई तुमच्यावर होते.

प्रश्न: चर बुजवून वर डांबर टाकले होते. पहिल्याच पावसात सगळा पट्टा खचला. महापालिका म्हणते कंपनीने करायचे, कंपनी म्हणते आम्ही पैसे भरलेत. करायचे कोणी? (एक वाचक, कोल्हापूर)

दोघांपैकी एकाचे म्हणणे कागदावर खरे असते. कोणाचे, ते आधी शोधा. कंपनी देते त्या पैशांचे दोन भाग असतात. एक प्रशासकीय शुल्क, म्हणजे अर्ज तपासण्याचा खर्च. २०१६ च्या नियमांनी भूमिगत केबलसाठी ते किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये असे बांधून दिले होते. या शुल्काचा रस्त्याच्या दुरुस्तीशी संबंध नाही. दुसरा भाग रस्ता पूर्ववत करण्याचा. इथे दोन वाटा असतात: कंपनीने खर्चाची रक्कम महापालिकेकडे भरायची आणि दुरुस्ती महापालिकेने करायची, किंवा कंपनीने स्वतः दुरुस्त करून द्यायचे आणि त्यासाठी बँक हमी ठेवायची. पहिली वाट धरली असेल तर कंपनीच्या दारात जाऊन काही होणार नाही. दुसरी असेल तर महापालिकेला म्हणा, हमी वटवा आणि दुरुस्ती करा.

हे कळायला माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. रस्त्याचे नाव आणि खोदाईचा महिना लिहून चार कागद मागा: परवानगीचा आदेश नकाशासह, भरलेल्या रकमेची पावती किंवा बँक हमीची प्रत, पूर्ववत केलेल्या कामाची मोजमाप पुस्तिकेतील नोंद, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. बँक हमीच्या प्रतीवर ती संपण्याची तारीख असते. ती तारीख उलटण्याआधी तुमचे लेखी पत्र कार्यालयात पोचले पाहिजे. नंतर कंपनीला धरून ठेवणारे महापालिकेच्या हातात काही उरत नाही.

आता पट्टा का खचतो ते. चर असतो जेमतेम फूट-दीड फूट रुंद आणि मीटरभर किंवा त्याहून खोल. ऑप्टिकल फायबरसाठी बीएसएनएलचे जुने मापच १६५ सेंटिमीटर खोलीचे आहे. निघालेली माती, त्यात काळी असली तर अधिकच वाईट, तशीच परत ढकलतात. रोलर त्या अरुंद जागेत जात नाही, म्हणून वरून एकदाच फिरवतात. दाब वरच्या वीतभर थराला मिळतो, खालचा मीटरभर भाग पोकळच राहतो. पाऊस पडला की पाणी त्या पोकळीत शिरते, माती बसते आणि वरचे डांबर खाली येते.

नीट काम असे: पाइपभोवती खडे नसलेली बारीक माती किंवा वाळू. त्यावर मुरूम, पण एका वेळी १५ ते २० सेंटिमीटरचाच थर, थोडे पाणी मारून, हाताने चालवायच्या रॅमरने ठोकत. मग खडीचे थर, शेवटी डांबर. डांबराच्या कडा फोडून नव्हे तर कटरने सरळ कापलेल्या हव्यात, आणि वरचा थर चराच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त रुंद घ्यायला हवा, म्हणजे सांधा नेमका चराच्या काठावर येत नाही. कडेला डांबराचा पातळ हात मारलेला नसेल तर तिथूनच पाणी आत जाते. काँक्रीटच्या रस्त्यात पट्टी कापून भरणे टिकत नाही. दोन सांध्यांमधला पूर्ण तुकडा, म्हणजे पॅनेल, बदलून मागावे.

घरच्या घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. डांबर टाकण्याआधी बुजवलेल्या चरात बोटाएवढी जाड सळई हाताने दाबा. फूटभर सहज आत गेली तर ठोकाई झालेलीच नाही. ही अधिकृत चाचणी नव्हे, पण अभियंत्याला जागेवर बोलावण्यासाठी व्हिडिओ पुरतो. महापालिका पावसाळ्यात तातडीच्या कामांखेरीज खोदाई बंद ठेवतात, ते याच कारणासाठी. बंदीच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने उरकलेले चर सर्वात आधी खचतात. तुमच्या भागात अशी कामे दिसली तर पाऊस येण्याआधी तक्रार द्या.

प्रश्न: आमच्या गल्लीत विजेच्या आणि दिव्यांच्या खांबांवर इतक्या केबली आहेत की खांब वाकलेत. एक केबल तुटून दुचाकीस्वाराच्या गळ्यात अडकली. नगरपरिषदेने सगळ्या कापून टाकाव्यात असे आमचे म्हणणे आहे. (एक वाचक, सांगली जिल्हा)

सगळ्या कापायला सांगू नका. त्यांतल्या काहींवर दवाखाना, बँक, सीसीटीव्ही चालत असेल, आणि नोटीस न देता कापले तर नगरपरिषदच अडचणीत येते. पण मोकळे सोडावे असेही नाही.

खांब कोणाचा, हे आधी ठरवा. महावितरणचा खांब असेल तर नगरपरिषदेची परवानगी तिथे चालत नाही. केबलवाल्याने महावितरणशी करार केलेला हवा. पथदिव्याचा खांब नगरपरिषदेचा. तिसऱ्या प्रकारचे खांब कंपन्यांनी स्वतः उभे केलेले असतात. दूरसंचाराच्या नियमांत ‘खांब’ म्हणजे आठ मीटरपर्यंतच्या उंचीचा, त्यावर गेला की टॉवरचे नियम लागतात. पथदिवा, बसथांबा अशा सार्वजनिक साधनांवर केबल नेण्याचा दर २०२२ च्या दुरुस्तीने एका साधनामागे वर्षाला १०० रुपये असा ठरला होता, छोटा अँटेना बसवायचा असेल तर शहरात ३०० आणि ग्रामीण भागात १५० रुपये. रक्कम किरकोळ आहे. पण ती भरली की कोणत्या खांबावर कोण आहे याची यादी तयार होते, आणि नगरपरिषदेला खरी गरज त्या यादीची आहे.

केबल कोणाची ते ओळखायला वर चढायची गरज नाही. खाली लोंबणाऱ्या टोकाचा काळा पृष्ठभाग पुसून बघा. बनवणाऱ्या कंपनीचे नाव, वर्ष, आत किती फायबर आहेत ते आणि मीटरचे आकडे पांढऱ्या अक्षरांत ठरावीक अंतराने छापलेले असतात. ज्यांनी मोठी मागणी देऊन केबल बनवून घेतली त्यांचे स्वतःचे नावही पुष्कळदा त्यावर असते. पण कोणताही लोंबता तुकडा आधी विजेच्या तारेला कुठे टेकलेला नाही ना, हे लांबूनच बघा. टेकलेला असेल तर हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

हा इशारा नुसता शिष्टाचार म्हणून दिलेला नाही. स्वस्त केबलच्या अंगाला आधारासाठी एक लोखंडी तार चिकटवलेली असते. दोन खांबांमधली केबल सैल पडून वाऱ्याने उघड्या विजेच्या तारेला लागली की ही आधाराची तार गल्लीच्या टोकापर्यंत वीज नेते, आणि घरात राउटरजवळ येणाऱ्या टोकालाही. यावर उपाय आहे. विजेच्या खांबांवरून न्यायची असेल तर आधाराची तार नसलेली, संपूर्ण धातुविरहित केबल वापरायची. बाजारात तिला एडीएसएस म्हणतात. ती महाग पडते म्हणून छोटे केबलवाले टाळतात. नगरपरिषदेने परवानगीच्या अटींत ही एक ओळ घालावी, असे आमचे ठाम मत आहे.

खांबांवरचा गुंता कमी करायचा तर नगरपरिषदेने सर्व इंटरनेट आणि केबल चालकांना बोलावून तारीख द्यायची. त्या तारखेपर्यंत प्रत्येकाने चालू केबलवर दर खांबाला नाव आणि फोन असलेला बिल्ला लावायचा. बिल्ला नसलेल्या केबली, आधी जाहीर सूचना देऊन, चालकांच्याच माणसांसमोर काढायच्या. ग्राहक बदलला की जुनी तार कोणी उतरवत नाही, त्यामुळे मेलेल्या तारांचे ओझे मोठे असते. टीव्हीच्या केबलवाल्याने ‘मला हा कायदा लागू नाही’ म्हटले तर केबल टीव्ही अधिनियम, १९९५ चे कलम ४ब दाखवा. त्यालाही सार्वजनिक संस्थेची परवानगी घ्यावी लागते. झाडाला खिळा ठोकून केबल अडकवली असेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडे वेगळी तक्रार करा.

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी इंटरनेट सेवा देतो. नगरपरिषदेत खोदाईचा अर्ज केला की दर वेळी त्रुटी निघते. अर्ज कसा करावा? (एक व्यावसायिक, सोलापूर जिल्हा)

अर्ज कोणाच्या नावावर जातोय ते तपासा. परवाना ज्या कंपनीचा, तिच्या नावाने किंवा तिच्या अधिकारपत्रासह अर्ज हवा. तुम्ही मोठ्या कंपनीचे स्थानिक भागीदार असाल आणि स्वतःच्या दुकानाच्या लेटरहेडवर अर्ज दिला असेल, तर तो परत येणारच. अर्ज केंद्राच्या गतिशक्ती संचार पोर्टलमार्फत करा. हे पोर्टल मे २०२२ पासून चालू आहे, आणि ६७ दिवसांची मोजणी सिद्ध करायला पोर्टलवरची तारीखच कामी येते. टेबलावर ठेवलेल्या कागदाची पोच नसते.

त्रुटी बहुधा नकाशात निघते. गुगल मॅपवर ओढलेली लाल रेघ म्हणजे नकाशा नव्हे. रस्त्याच्या मध्यापासून किंवा कडेपासून चर किती अंतरावर, रस्त्याची कोणती बाजू, कुठे रस्ता ओलांडता आणि तिथे कोणती पद्धत, चेंबर कुठे, पाण्याची आणि गटाराची लाइन कुठे लागते, हे मापांसह दाखवा. पाणीपुरवठा विभागाच्या वॉल्व्हमनला सोबत घेऊन एकदा मार्ग चाला. जुन्या पाइपची जागा कागदापेक्षा त्याला नेमकी माहीत असते. पाइप ४० मिलिमीटरचा टाकत असाल तर शेजारी एक रिकामा पाइप जास्तीचा टाका, पुढच्या वर्षी पुन्हा खोदावे लागणार नाही. नगरपरिषदेनेही तशी मागणी करायला हरकत नाही, कायद्यात सामाईक डक्टची, म्हणजे अनेकांच्या केबलींसाठी एकाच वाहिनीची, कल्पना आहेच.

ड्रिलिंग करणार असाल तर सर्वात जास्त जपा ते पावसाच्या पाण्याच्या गटाराला. ड्रिलचे तोंड गटाराच्या भिंतीतून आरपार गेले तरी वर काहीच कळत नाही. केबल गटाराच्या पोटातून आडवी राहते, तिला प्लास्टिक आणि कापड अडकते आणि जुलैमध्ये चौकात पाणी तुंबते. ड्रिलिंगसाठी वापरलेला चिकट मातीचा चिखल गटारात सोडणेही तसेच. काम झाल्यावर दोन्ही बाजूंच्या चेंबरचे झाकण उघडून आतले फोटो अहवालाला जोडा. पुढच्या अर्जाच्या वेळी अभियंता तुमचे नाव ओळखेल, ते चांगल्या कारणाने.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ फुटपाथवर एका कंपनीने मोठी पेटी आणि खांब उभा केला. व्हीलचेअर जात नाही. (एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)

टेप लावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा सांगितली आहे. तेवढी उरत नसेल तर मोजमापाच्या फोटोसह महापालिकेकडे जागा बदलण्याची मागणी करा. पेटीचे दार कोणत्या बाजूला उघडते तेही लिहा. दार फुटपाथवर उघडत असेल तर दुरुस्तीच्या वेळी पूर्ण फुटपाथ बंद होतो. पेटी भिंतीला टेकवून, दार आडव्या बाजूला करून बऱ्याचदा प्रश्न सुटतो, आणि त्याला कंपनीही फारशी हरकत घेत नाही.

प्रश्न: शाळेपासून जवळ टॉवर उभा राहतोय. ग्रामपंचायतीने रेडिएशनचे कारण देऊन ठराव करून तो रोखला तर चालेल का? (एक ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

त्या एका कारणावर ठराव टिकणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा असाच ठराव मुंबई उच्च न्यायालयाने, शास्त्रीय आधार दाखवला नाही म्हणून, रद्द केला आहे. लहरींच्या तीव्रतेची मर्यादा केंद्राचा दूरसंचार विभाग ठरवतो. २०१२ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट होते. शंका असेल तर याच विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर ठरलेले शुल्क भरून तुमच्या जागी मोजणी करून घेता येते. मोजणी शाळेच्या वरच्या मजल्यावर, अँटेनाच्या समोरच्या खिडकीत घ्यायला सांगा. अँटेनाचा झोत आडवा जातो, टॉवरच्या अगदी बुंध्याशी तो सर्वात कमी असतो.

ग्रामपंचायतीने जोर लावावा तो इतर बाबींवर: पायाचा आणि टॉवरच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला, वीज पडण्यापासून संरक्षण, कुंपण, डिझेल जनरेटरचा आवाज आणि धूर शाळेकडे जाऊ नये म्हणून त्याची जागा. यांवर घातलेल्या अटी कोणी सहज खोडून काढू शकत नाही.

प्रश्न: टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो का? कंपनी नव्या कायद्याचे कलम दाखवते. (एक नगरसेवक, मराठवाडा)

सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ च्या निकालात राज्यांना मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असे सांगितले. २०२३ च्या अधिनियमाचे कलम १४ म्हणते की मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे हे मालमत्ता करासाठीसुद्धा त्या मालमत्तेचा भाग धरायचे नाही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. म्हणून थकबाकीचे बिल दोन भागांत काढा, त्या तारखेपूर्वीचे आणि नंतरचे. एकत्र काढलेले बिल कंपनी पूर्णच अडकवून ठेवते. टॉवर आहे म्हणून घरमालकाच्या घरपट्टीत वाढ करू नका. पुढच्या काळाच्या आकारणीबाबत नगरविकास विभागाकडून लेखी मार्गदर्शन घेऊनच नोटिसा काढा.

प्रश्न: आमच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर ५जीचा अँटेना बसणार असल्याची नोटीस आली आहे. टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) सभेत काय बोलावे? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

आरोग्याच्या मुद्द्यावर वेळ घालवू नका. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार, एफसीसी या केंद्रीय दूरसंचार आयोगाच्या मर्यादेत असलेल्या लहरींचे कारण देऊन स्थानिक संस्थेला परवानगी नाकारता येत नाही. तुमच्या भाषणात तो मुद्दा मुख्य असला तर कंपनीच्या वकिलाला उलट तोच सोयीचा पडतो. एफसीसीच्या सप्टेंबर २०१८ च्या आदेशाने टाउनशिपला मुदतही घालून दिली आहे: असलेल्या खांबावर छोटा सेल, म्हणजे अँटेना आणि त्याची उपकरणे, बसवायचा असेल तर ६० दिवस, नवा खांब असेल तर ९०. वर्षाला एका सेलमागे २७० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी धरले जाते. २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या (अमेरिकेतल्या एका केंद्रीय) अपील न्यायालयाने शुल्क आणि मुदत कायम ठेवली, पण दिसण्याबद्दलच्या अटींवर एफसीसीने घातलेले काही निर्बंध रद्द केले.

म्हणजे जोर लावायची जागा दिसणे आणि जागा हीच. अर्जाचा क्रमांक घेऊन सभेआधी तीन गोष्टी मागा: फोटोवर काढलेले अपेक्षित दृश्य, उपकरणांची मापे आणि लहरी मर्यादेत असल्याचा अहवाल. एफसीसीच्या व्याख्येत प्रत्येक अँटेना तीन घनफुटांपर्यंत आणि इतर उपकरणे मिळून २८ घनफुटांपर्यंत असली तरच तो छोटा सेल. २८ घनफूट म्हणजे जवळजवळ एका फ्रीजएवढी जागा, ती पेटी नेमकी कुठे बसणार हे विचारा. वायरी खांबाच्या आतून किंवा नळीतून न्याव्यात, रंग खांबाचाच असावा, पंख्याचा आवाज बेडरूमच्या बाजूला नको, पुढचा कोपऱ्यावरचा खांब चालेल का, अशा मागण्या टाउनशिप मान्य करू शकते.

प्रश्न: ड्रेनेजचे खोदकाम करताना माझ्या जेसीबीने फायबर तुटले. कंपनी मोठी भरपाई मागते. केबल दोन फुटांवरच होती. (एक ठेकेदार, लातूर)

तुटली त्या दिवशीचे फोटो आहेत का? केबलवर टेप ठेवून खोली दाखवणारा फोटो हा तुमचा सर्वात मोठा पुरावा. वर इशाऱ्याची पट्टी होती का, जवळपास मार्ग दाखवणारा दगड किंवा खूण होती का, तेही टिपा. परवानगीत किती खोली ठरली होती, हे नगरपालिकेकडून मिळवा. ठरल्यापेक्षा केबल वर असेल तर पूर्ण भरपाईचा आग्रह कंपनीला धरता येणार नाही.

तुमची बाजू मात्र एका ठिकाणी कमकुवत असू शकते. मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे. खोदण्याआधी त्यावर जागा आणि तारीख टाकली की त्या भागात पाइप, केबल असलेल्या संस्थांना संदेश जातो आणि त्यांची माणसे जागा दाखवू शकतात. तुम्ही तशी सूचना दिली होती का, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. दिली असेल तर नोंदीचा क्रमांक जोडून भरपाईची मागणी लेखी नाकारा. नसेल तर दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब मागा: किती मीटर केबल बदलली, किती जोड केले, किती माणसे आली. ठोक रकमेवर सही करू नका. यापुढे जेसीबीच्या चालकाला ॲपवरची नोंद दाखवल्याशिवाय बकेट खाली टाकू देऊ नका, आणि केबल असण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी पहिला मीटरभर खड्डा टिकाव-फावड्याने आडवा घ्या.